आधी पडायला शिका

मागच्या अंकात मी गुलमर्गच्या स्कीइंगवर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न निवडलेत. एक सांगून टाकते, मी प्रशिक्षक नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी बँकेची नोकरी सोडली आणि त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा पायाला स्की बांधल्या. त्यानंतरच्या आठ हिवाळ्यांत भरपूर पडलेली बाई, एवढीच माझी पात्रता.

ताई, मी ४६ वर्षांची शिक्षिका आहे. नाताळच्या सुट्टीत काश्मीर सहल ठरली आहे. गुलमर्गला दोन रात्री मुक्काम आणि त्यात अर्धा दिवस स्कीइंग. तेवढ्यात थोडंफार जमेल का? उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. – एक वाचक, सांगली

नाही जमणार. अर्ध्या दिवसात कोणीतरी तुमचा हात धरून तुम्हाला पन्नास पावलं ओढेल, फोटो काढेल आणि पैसे घेईल. फोटोच हवा असेल तर जरूर जा, त्यात वाईट काही नाही. पण शिकायचं असेल तर सलग पाच-सहा दिवस द्यावे लागतात. माझा पहिला अख्खा दिवस एकाच पायात स्की घालून सपाटीवर लंगडण्यात गेला होता. दुपारी त्याच बर्फावर सहा वर्षांचं एक काश्मिरी पोर मला वळसा घालून गेलं आणि मागे वळून हसलं.

गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिचे नवशिक्यांसाठी कोर्स असतात. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. मात्र औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, तेव्हा औलीला रस्त्यानंच वर जायची तयारी ठेवा.

गुडघा आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटलं तर दोन महिने रोज जिना चढा-उतरा आणि भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसा. मांड्या तयार असल्या की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

आणि पडायला शिका, थांबायला शिकण्याच्याही आधी. तोल जातोय असं वाटलं की झगडत बसू नका. डोंगराच्या बाजूला, कुशीवर, नितंबावर बसल्यासारखं पडा. हात मागे टेकू नका, मनगट जातं. उठताना दोन्ही स्की उताराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणा. म्हणजे उतार सांगली ते मिरज असा असेल तर स्की त्या रस्त्यात आडव्या घातलेल्या बांबूसारख्या. मगच हातावर जोर देऊन उठा. स्कीची टोकं खालच्या दिशेला असताना उठलात तर अर्धवट उठलेल्या अवस्थेतच प्रवास सुरू होतो. मी केलाय तो.

मी नऊ वर्षं ट्रेकिंग करतोय. हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय. मला नवशिक्यांचा उतार वगळून थेट गंडोल्यानं (केबल कारनं) वर जाऊन स्की करता येईल ना? – एक वाचक, पुणे

तुमचा दम उपयोगी पडेल. तुमचे पाय मात्र दगा देतील. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे रेलतो, अगदीच वाटलं तर बूड टेकतो. ते इतकं अंगात मुरलेलं असतं की उतार दिसला की शरीर आपोआप मागे जातं. स्कीवर मागे रेललं की पुढची टोकं हलकी होतात, वळणं बंद होतं आणि वेग वाढतो. वेग वाढला की माणूस आणखी मागे रेलतो. इथे नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून, उताराकडे झुकायचं असतं. भीती वाटते त्याच दिशेला. हे डोक्याला पटायला एक मिनिट लागतं, नडगीला पटायला तीन दिवस.

थांबण्यासाठी पुढची टोकं जवळ आणि मागची टोकं लांब करायची. माझे काश्मिरी उस्ताद दिवसभर ओरडायचे, "मॅडम, पिझ्झा! पिझ्झा बनाओ!" मला त्यात चतकोर भाकरी दिसायची आणि गंमत म्हणजे भाकरी म्हटल्यावरच ते जमलं. चतकोर जितका रुंद, तितका ब्रेक जास्त.

गंडोल्याचं म्हणाल तर गुलमर्गच मुळात सुमारे २६५० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच. पहिला टप्पा कोंगडोरीला जातो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या थोडं खाली. वरचा भाग म्हणजे मशीननं दाबून गुळगुळीत केलेला उतार नव्हे, तो उघडा डोंगर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीअर दगावले आणि ते काही नवशिके नव्हते. दुसऱ्या टप्प्यावर जरूर जा, पण पायात साधे बूट घालून. बघा, चहा प्या आणि गंडोल्यानंच खाली या.

मी स्वतः तिसऱ्या दिवशी आगाऊपणा करून कोंगडोरीहून स्कीवर निघाले. निम्म्या वाटेवर मांड्या थरथरायला लागल्या, पिझ्झा होईना. शेवटी स्की काढून खांद्यावर घेतल्या आणि कंबरभर बर्फातून कडेकडेनं चालत आले. दोन तास लागले. उस्ताद काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं मला पुन्हा बेबी स्लोपवर उभं केलं.

कपडे आणि बूट विकत घ्यावेत की भाड्यानं? बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे. – एक वाचक, डोंबिवली

जॅकेटच्या ब्रँडवर लोक महिनाभर चर्चा करतात आणि बूट दोन मिनिटांत घेतात. उलटं करा. जॅकेट, पॅन्ट, स्की सगळं भाड्यानं घ्या, विकत फक्त मोजे, हातमोजे आणि गॉगल घ्या. हातमोजे पाणी न शिरणारे हवेत, कारण पडल्यावर पहिले तेच भिजतात. लोकरीचे घालून आलेली माणसं दुपारपर्यंत हात काखेत घालून बसलेली दिसतात.

बुटांच्या दुकानात मात्र घाई करू नका. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कवच आणि आत मऊ बूट. पाय घातला की टाच जमिनीवर दोनदा आपटायची म्हणजे ती मागे नीट बसते, मगच बकलं लावायची. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थर्मलची पॅन्ट बुटात कोंबायची नाही, वर ओढून घ्यायची. मी पहिल्या दिवशी थंडीच्या भीतीनं लोकरीचे दोन मोजे घातले. रक्त अडलं, पाय उलट जास्त गारठले आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली. ती पडून नवी यायला पुढची दिवाळी उजाडली.

बूट स्कीला जिथे अडकतो त्या बाइंडिंगला एक स्प्रिंग असते. पडताना पाय पिरगळायच्या आत ती सुटावी म्हणून तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हाला किती येतं, यावरून तिचा आकडा लावतात. तेव्हा भगिनींनो, इथे तरी वजन खरं सांगा. कमी सांगितलंत तर स्की भलत्या वेळी सुटेल. आणि बंधूंनो, "येतं थोडंफार" असं म्हणू नका. आकडा घट्ट लागला तर स्की सुटणारच नाही आणि गुडघा जाईल.

मुलाची काळजी सोडा. त्याला दुसऱ्या दिवशी जमेल, तुम्हाला पाचव्या. त्याला सुरुवातीला काठ्या देऊ नका, हेल्मेट मात्र पहिल्या मिनिटापासून. तुमच्या वाट्याला येणारा खरा शत्रू ड्रॅग लिफ्ट. वरून फिरणाऱ्या दोरीला एक दांडा लोंबतो, त्याच्या टोकाची तबकडी दोन मांड्यांत घ्यायची आणि तिनं ओढत वर न्यायचं. ती खुर्ची नाही! तिच्यावर बसायला गेलं की दांडा खाली येतो आणि माणूस रांगेसमोर आडवा होतो. आपल्याकडची मंडळी हटकून बसतात. उभं राहायचं, गुडघे सैल ठेवायचे आणि ओढू द्यायचं. पडलात तर आधी वाटेतून बाजूला सरका, मागून दुसरा माणूस येत असतो.

मागच्या वर्षी डिसेंबरमध्ये गेलो, बर्फच नव्हता. कधी जावं? – एक वाचक, नागपूर

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस चिल्लई कलां, कडाक्याच्या थंडीचे. पण थंडी म्हणजे बर्फ नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याच्या मध्याला गुलमर्गचं कुरण पिवळं पडलं होतं, बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये तर बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. मी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरते आणि विमानाचं तिकीट बदलता येईल असंच काढते.

सांगलीच्या बाईंनीही हे वाचावं. नाताळचं आरक्षण अजून रद्द होत असेल तर करून टाका.

शाकाहारी जेवण मिळतं का? आणि फोन लागतो का? – एक वाचक, रत्नागिरी

मिळतं. राजमा-भात, हाक नावाची पालेभाजी, कमळकाकडीची नदरू. चौथ्या दिवशी लसणाच्या चटणीची आठवण येते, ती घरून न्या. फोनचं म्हणजे, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. घरातला एक तरी नंबर निघायच्या आधी पोस्टपेड करून घ्या.