सिंगल-क्यूबिट गेट: सुरुवात कुठून करावी?

क्वांटम संगणकातला बिट म्हणजे क्यूबिट; तो ० आणि १ यांचं मिश्रणही असू शकतो. एका क्यूबिटवर होणारी क्रिया म्हणजे सिंगल-क्यूबिट गेट. आधी तीनच गेट घ्या: एक्स (० चा १ आणि १ चा ० करतं), झेड आणि हॅडमार्ड (० किंवा १ पासून दोन्हींचं समसमान मिश्रण बनवतं). एस, टी वगैरे नंतर. प्रत्येक गेट म्हणजे एक २×२ मॅट्रिक्स; सिम्युलेटर (साध्या संगणकावर क्वांटम सर्किट चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी त्यांचे गुणाकार वहीत करा, खरंच फरक पडतो.

नवख्यांची हमखास चूक झेडपाशी होते. ० चा ०, १ चा १च मोजला जातो, म्हणून हे गेट काहीच करत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात ते १ च्या सहगुणकाचं (मिश्रणात १ च्या पुढे असलेल्या संख्येचं) चिन्ह उलटवतं. थेट मोजणीत ते दिसत नाही. ० वर हॅडमार्ड, झेड, पुन्हा हॅडमार्ड लावा: आदर्श (चुका न करणाऱ्या) सिम्युलेटरवर दर वेळी १ येईल. मधलं झेड काढा, ० येईल. दोन हॅडमार्डच्या मध्ये मोजलंत तर मात्र निकाल निम्मा-निम्मा होईल.

आणि क्रम सांभाळा: सर्किट डावीकडून वाचतात, मॅट्रिक्स उजवीकडून लागतात.