क्रूपच्या खोकल्यात वाफ द्यावी की डॉक्टरांनी लिहिलेलं स्टेरॉइड?

तुमचा प्रश्न असा: पावणेदोन वर्षांचा मुलगा, वजन १० किलो, दोन दिवस सर्दी आणि काल रात्री अचानक भुंकल्यासारखा खोकला. डॉक्टरांनी क्रूप सांगून डेक्सामेथासोनचा एकच डोस लिहिला. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला स्टेरॉइड नको, वाफ दे. शिवाय पाळणाघरात कधी पाठवायचं?

औषध द्या, वाफ देऊ नका. आता कारण सांगतो, कारण हा वाद बालरोग विभागात नेहमीचा आहे आणि त्यात चूक एकट्या सासूबाईंची नसते.

क्रूपमध्ये विषाणूमुळे (बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा) स्वरयंत्राच्या लगेच खालचा भाग सुजतो. तिथे कूर्चेचं पूर्ण गोल कडं असतं, त्यामुळे सुजेला बाहेर जागाच नाही, ती आतल्या बाजूला वाढते. श्वासाची वाट ४ मिमीची धरली आणि सगळीकडून १ मिमी सूज आली, तर उरते २ मिमी आणि हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो. म्हणून आवाज बसतो आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो. मूल रडलं की श्वास जोरात ओढतं आणि तीच अरुंद जागा आणखी आवळली जाते. यावरून घरी काय करायचं ते आपोआप ठरतं: मांडीवर उभं धरून बसा, शांत ठेवा, आडवं झोपवू नका, घसा बघायला तोंडात चमचा घालू नका.

वाफेने ही सूज उतरत नाही. दमट हवेच्या चाचण्या झाल्या आहेत, फायदा दिसलेला नाही. उलट किंचाळणारं मूल, पातेल्यातलं उकळतं पाणी आणि वर टॉवेल, यातून भाजलेली मुलं येतात. गरम शॉवर सोडून बाथरूममध्ये बसण्याचाही उपयोग नाही. थंड हवेला मात्र थोडा आधार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जिनिव्हाच्या अभ्यासात डेक्सामेथासोन दिल्यावर अर्धा तास १० अंशांखालच्या उघड्या हवेत बसवलेल्या मुलांना लवकर आराम पडला. पुण्या-मुंबईत एवढी थंडी कुठून आणणार? गॅलरीत बसल्याने मूल शांत होत असेल तर बसा, पण त्यापायी औषध लांबवू नका.

आता खरं दुखणं. धाप दिसली की सॅल्ब्युटामॉलचं नेब्युलायझर लावायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि घरचेही त्याला वाफच समजतात. सॅल्ब्युटामॉल खालच्या, आवळलेल्या श्वासनलिका सैल करतं. क्रूपमधला अडथळा वर आहे आणि तो सुजेचा आहे, तिथे त्याचं काही काम नाही. दुसरी गफलत ब्युडेसोनाइडची, म्हणजे नेब्युलायझरमधून द्यायच्या स्टेरॉइडची. क्रूपसाठी मात्रा २ मिग्रॅ, म्हणजे ०.५ मिग्रॅच्या चार रेस्प्यूल (एका वेळच्या औषधाच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या). प्रत्यक्षात एकच फोडतात आणि मग म्हणतात, गुण आला नाही. मूल तोंडाने औषध घेत असेल तर मशीनची गरजच काय? अँटिबायोटिकचं तेच, विषाणूवर ते चालत नाही. खोकल्याचं सिरप तर घरातही ठेवू नका. २०२५ साली छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या सिरपने मुलं दगावल्यावर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं पुन्हा बजावलं.

स्टेरॉइडची भीती महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारांची असते, ती एका डोसाला लावू नये. डेक्सामेथासोनची रूढ मात्रा किलोमागे ०.६ मिग्रॅ, काही ठिकाणी ०.१५ वरही भागवतात. तुमच्या मुलाला ०.६ ने ६ मिग्रॅ होतात, म्हणजे ०.५ मिग्रॅच्या बारा गोळ्या. त्या कुटून कोण पाजणार? म्हणून ४ मिग्रॅ/मिली इंजेक्शनचं द्रावण १.५ मिली मोजून साखरेच्या पाण्यातून तोंडाने देतात. बाटली इंजेक्शनची दिसली म्हणून बिचकू नका, पण मात्रा डॉक्टरांकडून मिलीमध्येच लिहून घ्या. दुकानदाराने ‘एक गोळी द्या’ म्हटलं तर ते ०.५ मिग्रॅ होतं, कुठल्याच हिशेबात न बसणारं. दोनेक तासांत फरक जाणवू लागतो आणि परिणाम दीड-दोन दिवस राहतो. दिल्या दिल्या उलटी झाली तर स्वतःहून परत देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. ताप असेल तर पॅरासिटामॉल १५० मिग्रॅ: २५०/५ (५ मिलीत २५० मिग्रॅ) सिरपचे ३ मिली किंवा १२०/५ चे सव्वासहा मिली. बाटलीवरचा आकडा आधी वाचा.

शांत बसलेला असतानाही कर्कश आवाज येत असेल, गळ्याखालची खाच किंवा बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. ओठ निळसर, मूल मलूल, किंवा आवाज कमी झाला पण पोरगं थकलेलं दिसतंय, तर लगेच १०८. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, क्रूपमध्ये ऑक्सिजन फार उशिरा घसरतो. रुग्णालयात नेब्युलायझरमधून ॲड्रेनालिन देतात. ते मिनिटांत काम करतं, पण दोनेक तासांत असर ओसरतो, म्हणून त्यानंतर दोन ते चार तास थांबवून ठेवतात. ‘आता बरा आहे, घरी जातो’ म्हणून भांडू नका.

हे सगळं क्रूपच असेल तर. लाळ गळतेय, जोराचा ताप आहे आणि खोकला जवळपास नाही, तर तो वेगळा आणि जास्त धोक्याचा आजार. सर्दी नसताना शेंगदाणा किंवा फुटाणा खाता खाता ठसका लागून आवाज सुरू झाला, तर काहीतरी अडकलंय असंच धरा. लसी अर्धवट असतील तर घटसर्प विसरू नका. डांग्या खोकल्याची उबळ आठवडे चालते, क्रूपचा जोर दोन-तीन रात्रींत ओसरतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, पूर्वी व्हेंटिलेटरवर राहिलेलं असेल किंवा क्रूप वारंवार होत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना श्वासाची वाट तपासायला सांगा. घरात कुणाला कांजिण्या असतील तर स्टेरॉइड देण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

पाळणाघर: ताप जाऊन एक दिवस झाला आणि आजार सुरू होऊन किमान तीन दिवस उलटले की पाठवा. खोकला थोडा राहिला तरी चालेल.