केळीचा कंटेनर स्वतः पाठवायचाय? आधी तोडणीच्या दिवसाचा हिशेब मांडा

प्रश्न (कंदर परिसर, ता. करमाळा, पाच शेतकऱ्यांचा गट): साहेब, आमच्या पाच जणांत मिळून १४ एकर जी-नाइन जातीची केळी आहे. आत्तापर्यंत निर्यातदाराचा माणूस बागेत येऊन माल धरतो आणि तोच तोडून नेतो. गटातल्या एकाचा मेहुणा दुबईत असतो. तिथला घाऊक व्यापारी थेट आमच्याकडून घ्यायला तयार आहे असं तो म्हणतो. एक कंटेनर आम्हाला स्वतः पाठवता येईल का? माल किती लागेल? शेजारच्या गटाचा कंटेनर गेल्या जानेवारीत गेला. केळी हिरवीच पोचली, पण पिकवल्यावर राखाडी पडली आणि पैसे कापले गेले. असं कशानं होतं? माल खराब निघाला तर भरपाई कोण देतं? आणि कंटेनरमध्ये जागा उरली तर डाळिंबाच्या पेट्या टाकल्या तर चालतील का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, तो एका वाक्यात संपतो. चालणार नाहीत. केळी १३.५ अंशावर जाते, डाळिंब ५ अंशाच्या आसपास. एका डब्यात दोन हवामानं करता येत नाहीत. शिवाय तुमच्या हिशेबात जागा उरणारच नाही, उलट माल कमी पडेल.

कसा ते बघा. आपल्याकडून आखातात जाणारा ४० फुटी रेफर (थंड करण्याचं यंत्र असलेला) कंटेनर म्हणजे साधारण १,५४० बॉक्स, बॉक्सात १३ किलो. वीस टन केळी झाली. चांगल्या बागेत ३० किलोचा घड धरला तरी दांडा, वरची वाकडी फणी, शेवटची बारीक फणी, डागी आणि घासलेला माल काढून बॉक्सात २२ किलोच्या आसपास बसतो. म्हणजे नऊशे-साडेनऊशे घड लागले. तुम्ही म्हणाल, सहा बाय पाचवर एकरी १,४०० च्या वर झाडं आहेत, एका एकरात कंटेनर भरला! पण बाग एका दिवशी निसवत नाही, म्हणजे सगळ्या झाडांचे घड एकदम बाहेर पडत नाहीत. एका तोडणीला एकरातले फार तर तीस टक्के घड कॅलिपरला, म्हणजे केळीची जाडी मोजायच्या मापाला, बसतात. बाकीचे पुढच्या खेपेला, नाहीतर आधीच पुढे गेलेले. याचा अर्थ, एका दिवसात एक कंटेनर भरायचा तर एकाच वेळी लावलेली किमान सव्वादोन, थोडी हाताशी राखून तीन एकर बाग हवी. तुमच्या १४ एकरांत लागणीच्या पाच तारखा असतील तर माल भरपूर असूनही एक कंटेनर एका दिवसात जुळणार नाही. दोन दिवसांत तोडलेला माल एकत्र भरला की पहिल्या दिवसाची केळी दुसऱ्या दिवसाच्या केळीला वाटेत पिकवते.

म्हणून मी पहिल्यांदा पैशाचं विचारत नाही, निसवणीची नोंदवही विचारतो. निसवणीच्या वेळी घडाला रंगीत फीत बांधता का? दर आठवड्याला वेगळा रंग? बांधत नसाल तर हा सगळा विचार पुढच्या लागणीपर्यंत बाजूला ठेवा. फिती नसलेल्या बागेत टोळी नजरेनं तोडते, आणि बाहेरून सारखे दिसणारे दोन घड वयानं तीन आठवडे मागंपुढं असू शकतात. जास्त वयाचा घड कंटेनरमध्ये पिवळा पडायला लागला की त्यातून निघणारा वायू शेजारच्या बॉक्सांना लागतो. दार उघडेपर्यंत कोपरा पिवळा झालेला असतो.

आता मुख्य गोष्ट. बरेच जण रेफर कंटेनरला फ्रीज समजतात. त्यात माल थंड होत नाही असं नाही; दक्षिण अमेरिकेत केळी गरम भरून कंटेनरमध्येच थंड करण्याची पद्धत आहे. पण तिथला माल तोडल्यावर काही तासांत थंडीत जातो आणि बॉक्सची रचनाच त्यासाठी केलेली असते. आपल्याकडे एप्रिलात दुपारी तोडलेल्या केळीचा गर ३५ अंशाच्या पुढे असतो. असा वीस टन माल कोंबून दार लावलं तर यंत्र तो १४ अंशावर आणायला दीड-दोन दिवस घेतं, आणि तेवढ्यात केळीचं आयुष्य खर्ची पडतं. म्हणून आपल्याकडे प्रीकूलिंग, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी माल थंड करणं, लागतंच. रेफरचं काम तुम्ही दिलेलं तापमान राखणं, एवढंच धरून चला.

तोडणी पहाटे सुरू व्हावी आणि ऊन चढायच्या आत संपावी. नऊशे घड म्हणजे एका टोळीचं काम नव्हे. घड खांद्यावर गादी घेऊनच वाहायचा, जमिनीला टेकवायचा नाही. फण्या कापल्या की चीक निघून जाईपर्यंत धुवायच्या, मग तुरटीच्या पाण्यातून काढायच्या. चिकाचा ओघळ हिरव्या सालीवर दिसत नाही, पिवळी झाली की काळा उमटतो. बुरशीनाशक कोणतं वापरायचं हे खरेदीदाराच्या देशात काय चालतं त्यावर ठरवा. दुकानदार सांगेल ते नको. बॉक्स भरले की लगेच प्रीकूलिंगच्या खोलीत. तिथं १०-१२ तास, उन्हाळ्यात त्याहून जास्त लागतात. घड्याळ बघून बाहेर काढू नका, टोकदार थर्मामीटर केळीच्या गरात खुपसून बघा. खोलीतल्या हवेचं तापमान १३ दाखवत असतं आणि मधल्या थप्पीतल्या केळीचा गर अजून १९ वर असतो, हे मी बऱ्याच वेळा मोजलंय.

कंटेनर आला की भरण्याआधी टॉर्च घेऊन आत जा. जमिनीवर पन्हळीसारख्या उभ्या पट्ट्या दिसतील. यंत्राची थंड हवा या पट्ट्यांमधून दाराकडे धावते, बॉक्सच्या खालच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे जाते. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. थप्पीत बॉक्सचं भोक बॉक्सच्या भोकावर यायला हवं. भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर एकही बॉक्स जाता कामा नये. दाराशी रिकामी राहिलेली जमीन पुठ्ठ्यानं झाकायची, नाहीतर हवा तिथूनच पळ काढते आणि मधला माल कोमट राहतो. व्हेंट, म्हणजे बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप, साध्या पिशवीतल्या केळीसाठी बंद ठेवू नये. व्हॅक्यूम (हवा काढून बंद केलेली) पिशवी असेल तर किती उघडायची हे खरेदीदार आणि जहाज कंपनी दोघांकडून लेखी घ्या. बुकिंगच्या कागदावर १३.५ च्या पुढे अधिकचं चिन्ह आहे ना, तेही बघा. उणे १३.५ झालं तर दुबईत केळीचा बर्फ उतरेल.

एक चूक माझ्याही पदरी आहे. बरीच वर्षं झाली. एका गटाला मी सांगितलं होतं, कंटेनर आधीच थंड करून ठेवा. त्यांनी ठेवला. भराई मात्र उघड्या ओट्यावर, पावसाळी दमट हवेत, तीन-चार तास दार उघडं. थंड पत्र्यावर बाहेरची हवा आली की थंड तांब्याला घाम फुटतो तसं झालं. छतातून थेंब ठिबकायला लागले, वरचे पुठ्ठे मऊ पडले, आणि तिकडे दार उघडलं तेव्हा वरच्या दोन थरांचे बॉक्स चेपलेले. शीतगृहाच्या दाराला कंटेनर चिकटवून बंद बोगद्यातून भरणार असाल तरच तो आधी थंड करा. उघड्यावर भरणार असाल तर नको, भराई मात्र झटपट उरका. आणि भरताना यंत्र बंद ठेवा.

टेंभुर्णीकडून न्हावा शेवापर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. या वाटेवर कंटेनरची वीज जेनसेटवर, म्हणजे सोबतच्या डिझेल जनरेटरवर, चालते. डिझेल वाचवायला ढाब्यावर जेनसेट बंद करणारे चालक भेटतात. सगळे तसे नसतात, पण तुम्ही स्वतःचे दोन डेटा लॉगर बॉक्समध्ये टाका, एक दाराशी आणि एक मध्ये. छोटीशी डबी असते, तापमान लिहीत बसते. पुढं भांडण झालं तर तुमच्याकडचा साक्षीदार तोच.

आता राखाडी केळीचं. शेजारच्या गटाचा माल जानेवारीचा होता, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. केळीला १३ अंशाच्या खालची थंडी सोसत नाही. हिरव्या मालावर काही दिसत नाही, पिकवल्यावर साल मळकट पिवळी, राखाडी पडते, गर मात्र खायला ठीक असतो. ओळखायची साधी रीत सांगतो: हिरव्या केळीच्या सालीवरचा पातळ पापुद्रा नखानं खरवडा. चांगल्या केळीत खाली स्वच्छ फिकट हिरवं दिसतं. थंडीचा चरका बसलेल्या केळीत बारीक तपकिरी रेषा दिसतात, पेन्सिलीनं ओढल्यासारख्या.

पण ही थंडी कंटेनरमध्येच लागली असं कशावरून? उजनीच्या बॅकवॉटरच्या कडेला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशाच्या घरात जातो. तेव्हा केळीला झाडावरच चरका बसतो, आणि मग जहाज कंपनीच्या नावानं कितीही ओरडा, कंटेनरच्या नोंदीत १३.५ अंशाची सरळ रेघ निघते. थंडीतल्या तोडणीआधी प्रत्येक प्लॉटमधल्या दहा-बारा घडांची केळी खरवडून बघा. रेषा दिसल्या तर तो माल देशी बाजारात द्या. घडाला स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी), रात्री पाणी, बांधाला वाऱ्याच्या बाजूनं शेवरी किंवा गवताचा आडोसा, एवढं केलं तर बराच फरक पडतो. शेजारच्या गटाकडे लॉगर असता तर दोष बागेचा की वाटेचा हे तेव्हाच कळलं असतं.

भरपाईचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. सागरी विम्यात उशिरामुळे झालेलं नुकसान आणि मालाच्या अंगचा दोष साधारणपणे बसत नाहीत. जहाज चार दिवस बंदराबाहेर थांबलं आणि केळी पिकली तर विमा कंपनी हात वर करते. यंत्र बंद पडल्याचं नुकसान धरतात का आणि किती तास बंद राहिल्यावर, हे पॉलिसी घेण्याआधी विचारा. जहाज कंपनीवर दावा करायचा तर बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी नोटीस ताबा घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते. ती देणार तुमचा खरेदीदार. आणि तो ‘माल खराब निघाला’ असं व्हॉट्सअॅपवर दोन फोटो टाकून मोकळा होतो. म्हणून करारातच लिहून घ्या: दार उघडताना तटस्थ सर्व्हेअर हजर असेल, नाहीतर कपात मान्य नाही.

भाव कसा ठरलाय तेही सांगा. विकून पैसे देतो, म्हणजे कन्साइनमेंट असेल तर पहिल्याच खेपेला ते करू नका, मेहुणा मध्ये असला तरी. नात्यात व्यवहार आणि व्यवहारात समुद्र, दोन्ही एकदम नको. ठरलेला भाव, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली रक्कम कागदपत्रं बँकेतून सुटताना, एवढं तरी हवं. नव्या खरेदीदारासाठी ईसीजीसी या निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचं संरक्षण घेता येतं. पैसे बुडाले तर ते उपयोगी पडतं, केळी बुडाली तर नाही. इराणची मागणी मोठी असली तरी निर्बंधांमुळे तिथले पैसे बँकेतून येणं कटकटीचं आहे. नवख्यानं दुबई-ओमानपासूनच सुरुवात करावी.

कागदांचा बाऊ करू नका. आयात-निर्यात संकेतांक, अपेडाची (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) नोंदणी, बँकेच्या एडी कोडची (परकीय चलन व्यवहारासाठीचा बँकेचा क्रमांक) कस्टममध्ये नोंद, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, मूळ देशाचा दाखला, भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन. चांगला कस्टम एजंट निम्मं काम करतो. गटाऐवजी शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावानं काढलंत तर पुढं सोपं जाईल.

युरोपबद्दल तुमच्यातल्या एकानं फोनवर विचारलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपेडाच्या पुढाकारानं बारामतीहून नेदरलँडला समुद्रमार्गे केळीचा चाचणी कंटेनर गेला, म्हणजे जमतं. पण पुढच्याच महिन्यापासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि दिवस वाढले. दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाज चार-पाच दिवसांत पोचतं. आधी ती चार-पाच दिवसांची परीक्षा पास होऊ द्या.

तर माझा सल्ला असा. या हंगामात स्वतःच्या नावानं कंटेनर नको. आहे त्याच निर्यातदाराला माल द्या, पण बागेतल्या भावाऐवजी पॅक हाऊसच्या (माल धुऊन बॉक्स भरायच्या जागेच्या) दारातला, भरलेल्या बॉक्सचा भाव मागा. तोडणी, धुलाई, पॅकिंग तुम्ही करा. त्याच्या कंटेनरमध्ये त्याच्या परवानगीनं तुमचा लॉगर टाका आणि नोंदी परत मागवा. दोन खेपांत कळेल की तुमच्या शंभर घडांतले किती किलो खरोखर बॉक्सात जातात. पुढच्या लागणीत पाच जणांनी मिळून तीन-तीन एकरांचे टप्पे पाडा. रमजानच्या तोंडावर आखातात मागणी वाढते आणि रमजान दरवर्षी अकरा-एक दिवस अलीकडे येतो, तेव्हा लागणीची तारीख गेल्या वर्षीची उचलू नका, मागून मोजत या. जानेवारी ते एप्रिल द्राक्षवाले सगळे रेफर पळवतात, तेव्हा बुकिंगही आधी करावं लागेल.

सोमवारी मी कार्यालयात आहे. येताना पाचही जणांच्या लागणीच्या तारखा आणि गेल्या दोन तोडण्यांच्या वजनाच्या पावत्या घेऊन या. मेहुण्यानं पाठवलेला कराराचा मसुदा असेल तर त्याची झेरॉक्सही आणा, सही न करता.