‘बस’ आणि ‘बसा’, दोन्हीला एकच ‘सिट’

इंग्रजीत हुकूम सोडायचा कसा आणि विनंती करायची कशी, यावर या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत.

पंचवटीत आमचं लहानसं लॉज आहे. परदेशी पाहुण्यांना मी ‘सिट’, ‘वेट’, ‘गिव्ह पासपोर्ट’ असं सांगतो. मनात ‘बसा’, ‘थांबा’ असतं, तरी त्यांचे चेहरे उतरतात. असं का?

मराठीत आदर क्रियापदाच्या शेवटी बसतो. ‘बस’ला एक काना दिला की समोरचा मोठा झाला. इंग्रजी आज्ञार्थात क्रियापद मूळ रूपातच राहतं. नातवालाही ‘सिट’ आणि कलेक्टरसाहेबांनाही ‘सिट’. एके काळी इंग्रजीतही ‘तू’साठी ‘दाउ’ होता, पण प्रमाण भाषेतून तो कधीच गेला. तेव्हा तुमच्या मनातला काना वाटेतच गळतो आणि पाहुण्याच्या कानावर नुसतं ‘बस’ पडतं. त्यात एकटं ‘सिट’ तिकडे बहुधा कुत्र्याला म्हणतात!

ही तूट इतर शब्दांनी भरून काढायची. ‘प्लीज हॅव अ सीट.’ ‘कुड आय सी युवर पासपोर्ट, प्लीज?’ आपणही शेजाऱ्याला ‘दार लाव’ न म्हणता ‘जरा दार लावता का?’ म्हणतोच की. ‘कुड यू’ ते काम करतं.

पण म्हणून प्रत्येक वाक्याला ‘कुड यू’ जोडत बसू नका. मी वर्गात एकच गोष्ट विचारायला सांगतो: फायदा कुणाचा? ऐकणाऱ्याचा असेल तर सरळ आज्ञार्थ चालतो, उलट तोच गोड लागतो. ‘हॅव सम टी.’ ‘टेक अ‍ॅन अंब्रेला.’ रामकुंडाची वाट सांगताना ‘गो स्ट्रेट, देन टर्न लेफ्ट’ एवढं पुरे. तिथे ‘कुड यू प्लीज टर्न लेफ्ट’ म्हणालात तर पाहुणा गोंधळेल. काम आपलं असेल, म्हणजे पासपोर्ट हवा, सही हवी, तर मात्र विचारायच्या सुरात बोला. आणि ‘काइंडली’ शक्यतो टाळा. त्याला सरकारी पत्राचा वास येतो.

निफाडला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. ‘ग्लोव्हज शुड वेअर’ आणि ‘नो टच फ्रूट’ अशा पाट्या लावल्या. पाहणीला आलेले साहेब हसले.

पहिल्या पाटीचा अर्थ ‘हातमोज्यांनी काहीतरी घालावं’ असा होतो, म्हणून हसले असतील. चूक कुठून आली तेही दिसतंय. मराठी पाटीवर ‘हातमोजे घालावेत’, ‘हात लावू नये’ असा विध्यर्थ असतो. त्यातला ‘वे’ तुम्ही ‘शुड’मध्ये शोधलात. इंग्रजी पाटीला त्याची गरज नाही. क्रियापद पुढे काढा: ‘वेअर ग्लोव्हज’. नकार असेल तर ‘डू नॉट टच द फ्रूट’. बोलताना ‘डोन्ट’, पाटीवर ‘डू नॉट’ शोभतं. ‘नो स्मोकिंग’ हा आज्ञार्थ नव्हे, त्यात ‘स्मोकिंग’ हे नाम आहे. म्हणून ‘नो टच’ जमत नाही.

नमुना हवा तर औषधाची बाटली घ्या: ‘शेक वेल बिफोर यूज’, ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’. ‘यू’ नाही, ‘प्लीज’ही नाही. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे ‘प्लीज’ लावू नयेच. ऐकलं नाही तरी चालेल असं वाटतं.

मुलीने ‘डोन्ट लेट’ लिहिलं, बाईंनी ‘डोन्ट बी लेट’ केलं. हा ‘बी’ कुठून आला? (सिडको)

बाईंचं बरोबर. ‘लेट’ इथे विशेषण आहे, वाक्याला क्रियापद हवं. अ‍ॅम, इज, आर यांचं मूळ रूप ‘बी’. तसंच ‘बी क्वाएट’, ‘बी केअरफुल’.

मी इंदिरानगरला राहून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलासोबत (त्याला ‘कमिट’ म्हणतात) एक ओळ लिहायची असते. त्या कमिट मेसेजमध्ये ‘फिक्स्ड’ लिहिलं की सीनियर ‘फिक्स’ करायला लावतात. काम तर झालेलं असतं!

तुमची तक्रार रास्त आहे, तरी सीनियरांच्या बाजूने जातो. कमिट म्हणजे ‘मी हे केलं’ अशी डायरी न समजता कोडला दिलेली आज्ञा समजायची: हा बदल घे आणि लॉगिनची चूक दुरुस्त कर. गिट बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या नियमावलीत आज्ञार्थच सांगितला आहे. कोडच्या दोन शाखा एकत्र करताना गिट आपणहून लिहितं तेही बघा, ‘मर्ज ब्रांच’, ‘मर्ज्ड’ नाही. अर्थात तुमच्या टीमने सगळीकडे ‘फिक्स्ड’ ठरवलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. सरमिसळ मात्र नको.

‘गेट वेल सून’ ही आज्ञा कशी? बरं होणं काय आपल्या हातात असतं? (नाशिकरोड)

रूप आज्ञार्थाचं, भाव शुभेच्छेचा. ‘हॅव अ सेफ जर्नी’ही त्यातलंच. वाकून नमस्कार केल्यावर आजी ‘औक्षवंत हो’ म्हणते, तेव्हा आपण कुठे विचारतो, कसं होऊ म्हणून?