पाठीतली नस, मणका आणि उशीर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न सांगलीहून येवो की दुबईहून, घोळ तोच. छातीपासून कमरेपर्यंत काहीही दुखलं की "नस दबली" म्हणायचं, कुणीतरी सांगितलेला उपाय महिनाभर करायचा आणि मग मला लिहायचं. म्हणून परत सांगतेय.

सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर दुखते. सुईने नस तुटली असेल का?

बहुतेक नाही. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. बाळाला वाकून उचलणं, पोटाचे स्नायू ढिले पडणं ही जास्त नेहमीची कारणं आहेत. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल तर मात्र दाखवा.

एमआरआयमध्ये डिस्क बल्ज निघालाय, दुखतं अधूनमधूनच. ऑपरेशन करावं लागेल का?

नुसत्या बल्जसाठी, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी जराशी बाहेर फुगली म्हणून, नाही. काहीच न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन केले तरी विशीतल्या साधारण ३० टक्के आणि ऐंशीच्या आसपासच्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांत बल्ज दिसतोच. पायाची ताकद, संवेदना हाताने तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जा. न तपासता रिपोर्ट बघूनच ऑपरेशनची तारीख देत असतील तर दुसरं मत घ्या.

नस मोकळी व्हायला मेडिकलवाल्याने बी-१२ ची लाल इंजेक्शनं दिलीत. कोर्स पूर्ण करू?

त्याने दबलेली नस सुटत नाही. रक्तात बी-१२ कमी असेल तर जरूर घ्या, पण आधी तपासा आणि डॉक्टरांना विचारून घ्या.

बाबांच्या छातीवर एका बाजूला पट्ट्यात पुरळ आलंय, फार आग होते. गावात नागीण म्हणतात, वेढा पूर्ण झाला तर जीव जातो म्हणतात. गेरू लावलाय.

वेढ्याची गोष्ट साफ खोटी आहे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी दबून राहतो, वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की त्याच नसेवाटे बाहेर येतो, म्हणून पुरळ एकाच बाजूला येतं. गेरू हलक्या हाताने धुऊन काढा आणि आजच डॉक्टर गाठा, कारण विषाणूवरच्या गोळ्यांचा खरा उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांत असतो. मंत्र टाकणाऱ्याकडे हेच तीन दिवस जातात आणि मग पुरळ वाळलं तरी नसेची आग महिनोन्‌महिने राहू शकते. डोळ्याजवळ आली असेल तर एक तासही थांबू नका.

भावाला पोतं उचलताना कमरेत चमक भरली. पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतली, मालिशही चालू आहे. दोन दिवसांपासून दोन्ही पाय जड आहेत, मांड्यांच्या मधे बधिर वाटतं, लघवीला जोर करावा लागतो. मालिश किती दिवस करायचं?

यांना मेल वाचल्याबरोबर हॉस्पिटलला निघायला कळवलं, इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी.

मज्जारज्जू संपतो तिथून खाली नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका असतो. पाय, लघवी, संडास, लैंगिक संवेदना, सगळं त्यातून चालतं. मोठी गादी सरकून हा झुबका चेपला गेला की ते पाठदुखीचं दुखणं राहत नाही, ती इमर्जन्सी आहे, आणि अशा कमरेवर लाथ मारणं म्हणजे सरकलेली गादी आणखी आत ढकलायचा धोका. लोक लघवीचं सांगायला लाजतात, बायका तर घरात कुणालाच सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनीच सरळ विचारा: संडासला धुताना पाण्याचा स्पर्श कळतो का? लघवी भरल्याची जाणीव होते का? थेंब थेंब होते म्हणजे होतेय असं समजू नका, पिशवी तुडुंब भरूनही तसं होतं. यातलं एक जरी असेल तर "सोमवारी ओपीडीत दाखवू" नाही, दुखण्याचं इंजेक्शन घेऊन झोपणं नाही, तडक जिथे एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत तिथे जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. दाब लवकरात लवकर, शक्यतो २४ ते ४८ तासांत काढावा लागतो. पंधरा दिवसांनी आणलेला पेशंट ऑपरेशननंतर चालूही लागतो, पण लघवीची नळी कधीकधी जन्माची राहते, आणि तिशी-चाळिशीतल्या माणसाला ते सांगावं लागतं तेव्हा फार वाईट वाटतं.

झाडावरून पडून दोन्ही पाय गेले, आठ महिने झाले. स्टेम सेलसाठी लाखो रुपये मागतात. शेत विकू का?

विकू नका. मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल (मूळ पेशी टोचणं) ही सिद्ध झालेली ट्रीटमेंट नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणे ती मंजूर ट्रायलमध्येच देता येते आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्याचे पैसे घेत नाहीत. पैसे मागताहेत यातच उत्तर आलं. फिजिओथेरपी, दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी रोज बघणं, स्वच्छ नळीने ठरलेल्या वेळी लघवी काढणं, पेशंट टिकतो तो यावर. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, सगळे कागद घेऊन तिथे दाखवा.

कंबरपट्टा झोपताना लावायचा का?

नाही. दिवसाही किती वेळ आणि किती दिवस, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.