मासा उलटा पोहतोय, मरायला लागलाय का?

प्रश्न : ताई, बेळगावातल्या एका दुकानातून बोटभर लांबीचा तपकिरी ठिपक्यांचा मासा आणलाय, दुकानदार नुसतं आफ्रिकन कॅटफिश म्हणाला. दिवसभर लाकडाखाली पोट वर करून पडलेला असतोय आणि लाइट बंद केली की उलटाच फिरतोय. घरात सगळे म्हणतात मरायला लागलाय, शेजारचे काका म्हणतात आफ्रिकन मागूरवर बंदी हाय, ठेवू नको, नदीत सोडून ये. काय करू? टँक दोन फुटी हाय, सोबत गप्पी आहेत.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी एक सांगते, नदीत सोडू नका. बाकी सगळं निवांत बघूया.

मासा आजारी नाही. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून हा सिनोडोंटिस जातीतला उलटा पोहणारा कॅटफिश आहे, बहुतेक सिनोडोंटिस निग्रिव्हेंट्रिस. हा काँगो नदीच्या खोऱ्यातला, शास्त्रज्ञांनी १९३६ साली त्याची नोंद केली. पाण्यावर पडलेले किडे खालून टिपायला उलटं पोहणं सोयीचं पडतं, शिवाय पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की वरच्या थरातलं पाणी तोंडात घ्यायलाही तेच बरं. नाईलमध्ये याचा एक भाऊबंद असाच उलटा पोहतो आणि इजिप्तच्या जुन्या थडग्यांतल्या चित्रांत लोकांनी तो तसाच उलटा काढून ठेवलाय, म्हणजे हे बघून माणसाला हजारो वर्षांपासून नवल वाटतंय.

आता बंदीचं. बंदी आहे ती क्लॅरिअस गॅरिएपिनस या आफ्रिकन मागूरवर, सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तो मीटरभराच्या वर वाढतो आणि आपले देशी मासे खाऊन टाकतो. तुमचा मासा तो नव्हे याची खात्री घरीच करता येते, मिशा मोजा. मागूरला मिशांच्या चार जोड्या, पाठीवरचा पर शेपटीपर्यंत लांबच लांब आणि त्याला काटा नाही. सिनोडोंटिसला तीन जोड्या, वरची जोडी साधी आणि खालच्या दोन्हींना बारीक फांद्या फुटलेल्या, पाठीवरचा पर आखूड आणि पुढे कडक काटा, त्याच्यामागे शेपटीकडे एक मांसल पर. आपल्या नदीतल्या शिंगाळ्यालाही मिशांच्या चारच जोड्या असतात, पण त्याच्या मिशांना फांद्या नसतात.

पण खरी गडबड वेगळीच आहे आणि दुकानात बऱ्याचदा तीच होते. सिनोडोंटिस युप्टेरस नावाच्या दुसऱ्या माशाची पिल्लं याच नावाने विकली जातात, तीही लहानपणी कधीकधी उलटी पोहतात, आणि मग वाढून वाढून वीतभर होतात. निग्रिव्हेंट्रिस दहा सेंटिमीटरच्या आत थांबतो. म्हणून पोट नीट बघा, निग्रिव्हेंट्रिसचं पोट पाठीइतकं किंवा पाठीपेक्षा काळपट असतं कारण उलटं पोहताना वरून तेच दिसतं. पोट फिकं असेल आणि मोठा होता होता पाठीवरच्या परातून लांब धागे निघाले तर तो युप्टेरस, मग चार फुटी टँकची तयारी ठेवा.

निग्रिव्हेंट्रिस असला तर एकटा ठेवू नका हो, फार भित्रा मासा आहे, चार-पाच जणांत तो मोकळा होतो आणि दिवसाही दिसायला लागतो. त्यासाठी तीन फुटी टँक लागेल. तळाला बारीक वाळू, वर लाकूड, फुटकी मडकी, रुंद पानांची झाडं, एवढी लपायला जागा पाहिजेच. खाणं संध्याकाळी लाइट घालवल्यावर टाका, बुडणाऱ्या गोळ्या, ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या, आणि डासांच्या अळ्या तर त्याला जीव की प्राण. गप्पीची मोठी मंडळी राहतील पण पिल्लं रात्रीत गायब होतील हे धरून चाला.

पाणी २४ ते २६ डिग्री ठेवा. खानापूर-बेळगावच्या थंडीत पहाटे टँक किती गार पडतो ते तुम्हालाच माहीत, त्यामुळे हीटर चैन म्हणून नाही, गरज म्हणून घ्या. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला.

आणि पकडताना जाळी वापरू नका. घाबरला की पाठीवरचा आणि बाजूचे काटे ताठ करून लॉक करतो, जाळीत अडकतो, सोडवताना काटा तुटतो नाहीतर तुमच्या बोटात जातो. प्लास्टिकच्या डब्यात हाकलून घ्या. तेव्हा करकर आवाज आला तर दचकू नका, काटा खोबणीत घासून तो आवाज काढतो.

नको झाला तर दुकानात परत द्या, पाळणाऱ्या कुणाला द्या, पण मलप्रभेत नाही आणि हिडकल धरणाच्या पाण्यात तर नाहीच. टँकची काच चाटणारे परदेशी सकर मासे लोकांनी असेच सोडले आणि आज ते देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलेत.

प्रश्न : आमच्या उलट्या कॅटफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत, बाकी माशांना देतो तेच निळं औषध घालू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : पूर्ण डोस नको. याला खवले नसतात, औषध थेट कातडीला लागतं, तांब्याचं औषध तर टाळाच. आधी तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन डिग्री करत २९ पर्यंत न्या, हवेचा पंप जोरात ठेवा कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, रोज थोडं पाणी बदला. तरी ठिपके वाढले तर अर्धा डोस द्या आणि तेवढे दिवस फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल.