जुनी विनोदी कादंबरी पहिल्यांदाच वाचताय?

पहिल्या वीस पानांत हसू आलं नाही म्हणून पुस्तक मिटू नका. जुन्या विनोदाची चाल कानात बसायला तेवढा वेळ लागतोच.

उपमा आली की थांबा, मोठ्यानं वाचा. समजा, ‘मामांचा चेहरा किल्ली हरवलेल्या कुलपासारखा होता.’ नुसतं कुलूप म्हटलं असतं तर चेहरा फक्त बंद. किल्ली हरवली म्हणताच तो उघडण्याची आशाच संपली! उपमान, म्हणजे ज्याची उपमा दिली ती वस्तू (इथे कुलूप), साधंच असतं, लेखक त्याला एक पाऊल पुढे नेतो. ते पाऊल शोधायचं.

नवे वाचक हमखास चुकतात ते इथे:
- कथानकामागे धावतात.
- अडलेल्या प्रत्येक शब्दाला कोश उघडतात. ठेका तुटला की विनोद गेलाच. खूण करा, प्रकरण संपल्यावर बघा.

एका बैठकीत दोनच प्रकरणं. जास्त झालं की उत्तम उपमाही बोथट वाटतात. उत्प्रेक्षा, रूपक असे अलंकारांचे भेद सध्या राहू द्या.